घटस्थापनेपर्यंत मुदत

रत्नागिरी जिल्ह्यातील सर्व क्रीडाशिक्षक, प्रशिक्षक, अकादमी व मंडळांचे चालक आणि मैदानांची व्यवस्था पाहणारे, या सर्वांना हा जाहीर इशारा आहे. आभाळात गडगडाट सुरू असताना मुलांचा सराव चालू ठेवणे आम्ही पालक यापुढे खपवून घेणार नाही.

कोकणात भर आषाढात पाऊस कितीही कोसळला, तरी विजांचा खरा जोर असतो तो मे-जूनच्या वळिवात आणि परतीच्या पावसात, हस्त-चित्रा नक्षत्रांत. सकाळी लख्ख ऊन पडते, दुपारी सह्याद्रीच्या माथ्यावर ढग चढतात आणि उन्हे कलायच्या सुमारास ते किनाऱ्याकडे सरकतात. मेमध्ये आपल्याकडे उन्हाळी शिबिरे भरतात. सप्टेंबर-ऑक्टोबरात शालेय स्पर्धा ऐन तोंडावर असतात. सराव तर रोज संध्याकाळीच. म्हणजे विजेची जी वेळ, तीच आपण मुलांना उघड्यावर बोलावण्याची वेळ ठरवली आहे. त्यात आपली कितीतरी मैदाने सड्यावरची. सपाट कातळावर आसपास झाड नाही, घर नाही; तिथे उभे असलेले पोरच सगळ्यात उंच ठरते.

‘अजून लांब आहे, एवढा डाव होऊन जाऊ दे,’ हे वाक्य प्रत्येक मैदानावर ऐकू येते. हेच वाक्य जीव घेते. आवाजाला एक किलोमीटर कापायला साधारण तीन सेकंद लागतात. वीज चमकल्यावर तीस सेकंदांच्या आत गडगडाट ऐकू आला, तर ती दहा किलोमीटरच्या आत पडली आहे, आणि पुढची तुमच्या मैदानावर पडू शकते. पाऊस सुरू व्हायची वाट पाहू नका. ढगापासून पंधरा किलोमीटरवर, कोरड्या जमिनीवरही वीज पडते. गडगडाट कानावर आला की खेळ थांबला पाहिजे आणि शेवटच्या गडगडाटानंतर पूर्ण तीस मिनिटे एकही मूल मैदानात उतरता कामा नये. मध्ये पुन्हा गडगडले, तर तीस मिनिटे पुन्हा पहिल्यापासून मोजायची.

3 नोव्हेंबर 2024 रोजी पेरू देशात वांकायोजवळ फुटबॉलचा सामना वादळामुळे थांबवण्यात आला होता. खेळाडू मैदानाबाहेर चालत निघाले होते. तेवढ्यात वीज कोसळली. एक खेळाडू जागीच गेला, इतर अनेक होरपळले. पंचांनी सामना थांबवला होता, पण उशिरा. आपल्या देशात राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या आकडेवारीनुसार 2022 या एका वर्षात 2,887 माणसे विजेने मेली. त्यामुळे ‘असे कुठे होते?’ हा प्रश्न आम्हाला कोणी विचारू नये.

थांबवल्यावर मुलांना न्यायचे कुठे, याचे उत्तर बहुतेक ठिकाणी कोणाकडेच नसते. पोरे झाडाखाली किंवा पत्र्याच्या उघड्या शेडमध्ये दाटीवाटीने उभी राहतात. झाडावर पडलेली वीज जमिनीतून पसरते आणि एका वेळी अनेकांना पाडते. आसरा म्हणजे भिंती आणि छप्पर असलेली पक्की इमारत, नाहीतर काचा बंद केलेली बस किंवा जीप. यांपैकी काहीच जवळ नसेल, तर विजांचा अंदाज वर्तवलेल्या दिवशी त्या मैदानावर सराव ठेवूच नका. पुण्याच्या उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेचे ‘दामिनी’ ॲप फुकट मिळते. ते प्रत्येक प्रशिक्षकाच्या फोनमध्ये असलेच पाहिजे.

आणखी एक गोष्ट, जिच्या अज्ञानाने वाचू शकणारी मुले दगावतात. वीज लागलेल्याच्या अंगात करंट उरत नाही. त्याला लगेच हात लावा. श्वास थांबला असेल, तर छातीवर दाब द्यायला सुरुवात करा, कोणाला तरी 108 ला फोन करायला सांगा आणि मदत येईपर्यंत दाब थांबवू नका. हे ज्याला येत नाही, त्याच्या हाती आमची मुले का द्यावीत?

आता मुदत. घटस्थापनेच्या आत प्रत्येक मैदानावर ठळक फलक लागला पाहिजे. खेळ थांबवण्याचा अधिकार कोणाचा, मुलांनी धावत कोणत्या इमारतीत जायचे आणि त्या इमारतीची किल्ली कोणाकडे, हे त्यावर नावानिशी लिहिलेले असावे. किल्लीचा उल्लेख मुद्दाम केला आहे. कुलूपबंद वर्गाचा विजेच्या वेळी काही उपयोग नाही. ज्याचे नाव फलकावर असेल, त्याचा निर्णय स्पर्धेच्या अंतिम फेरीतही कोणी फिरवायचा नाही.

मुदत पाळली नाही, तर फलक नसलेल्या मैदानांची यादी जिल्हा आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाचे अध्यक्ष म्हणून जिल्हाधिकाऱ्यांकडे लेखी दिली जाईल. त्यानंतर काही घडले, तर ‘दैवाची मर्जी’ हे उत्तर चालणार नाही. निष्काळजीपणामुळे मृत्यू झाल्यास भारतीय न्याय संहितेच्या कलम 106 नुसार पाच वर्षांपर्यंत कैद होऊ शकते, आणि आम्ही तक्रार दिल्याशिवाय राहणार नाही.

पालकांनो, संघातली जागा जाईल म्हणून गप्प बसू नका. घटस्थापनेच्या दिवशी ज्या मैदानावर फलक नसेल, तिथून आपले मूल घरी आणा.