जुन्या मोटारीचे वय मोजले जाते, स्टिअरिंगची झीज नाही

नवी दिल्ली : जुन्या मोटारींविषयीची देशातील चर्चा गेली काही वर्षे वय आणि धूर या दोनच मुद्द्यांभोवती फिरत आहे. राष्ट्रीय राजधानी क्षेत्रात डिझेल मोटारींना १० आणि पेट्रोल मोटारींना १५ वर्षांची मर्यादा घालणाऱ्या राष्ट्रीय हरित लवादाच्या आदेशांवर सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये शिक्कामोर्तब केले. त्यानंतरचा वादही याच अंगाने चालला. चाकांना दिशा देणारे सांधे किती झिजले आहेत, हा प्रश्न त्यात क्वचितच येतो.

नियम अस्तित्वात नाही, असे मात्र नाही. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधील नियम ९८ नुसार स्टिअरिंगची मोकळी हालचाल ३० अंशांपेक्षा अधिक असता कामा नये. जोडणीतील बॉल जॉइंटवर रबरी टोपण हवे आणि बोल्ट वा पिना पक्क्या अडकवलेल्या हव्यात. ३० अंश म्हणजे घड्याळाच्या तबकडीवरील पूर्ण एक तास. तेवढे चक्र फिरूनही चाके जागची न हलणारी मोटार या नियमात बसते. ही मर्यादा मुळातच सैल म्हणावी लागेल.

खरी पोकळी तपासणीत आहे. व्यावसायिक वाहनांना पहिली आठ वर्षे दर दोन वर्षांनी आणि पुढे दरवर्षी योग्यता प्रमाणपत्राचे नूतनीकरण करावे लागते. खासगी मोटारीची नोंदणी थेट १५ वर्षांसाठी असते. तोवर विमा आणि पीयूसी प्रमाणपत्र पुरते, आणि पीयूसीत केवळ धूर तपासला जातो. पंधरा वर्षांनंतर दर पाच वर्षांनी नूतनीकरण करावे लागते. त्याचे शुल्क एप्रिल २०२२ पासून ६०० वरून ५,००० रुपये झाले, तर २० वर्षांवरील मोटारींसाठी ऑगस्ट २०२५ मध्ये १०,००० रुपये करण्यात आले. ज्या भागाच्या झिजेने मोटार धोकादायक ठरते, तो टाय रॉड एंड मारुती ८०० सारख्या मोटारीसाठी काही शे रुपयांत मिळतो.

त्यामुळेच अनेक मालक हे काम घरच्या अंगणात करू पाहतात. मूळ रचनेचाच भाग बदलणे हा कायद्याच्या दृष्टीने वाहनातील फेरबदल ठरत नाही. कामही अवघड नाही, पण चुकीला जागा नाही. मोटार केवळ जॅकवर न ठेवता भक्कम स्टँडवर टेकवावी लागते. चाक डाव्या-उजव्या कडांना धरून हलवले असता खटखट जाणवली, तर संशय टाय रॉड एंडवर जातो; वर-खाली धरून हलवताना जाणवली, तर बॉल जॉइंट किंवा चाकाच्या बेअरिंगवर. जुना एंड किती आटे फिरवून निघाला ते मोजून नवा तेवढाच बसवतात. नटमधील स्प्लिट पिन दरवेळी नवी घालावी लागते. जुनी सरळ करून पुन्हा वापरणे हीच सर्वांत सामान्य आणि सर्वांत महाग पडू शकणारी काटकसर. एवढे करूनही चाकांचे अलाइनमेंट घरी अचूक होत नाही. त्यासाठी गॅरेज गाठावेच लागते, अन्यथा नवे टायर काही महिन्यांत एका कडेने झिजतात.

सुट्या भागांवरील जीएसटी २२ सप्टेंबर २०२५ पासून २८ वरून १८ टक्क्यांवर आल्याने थोडा दिलासा मिळाला. अस्सल भाग ओळखण्याची अडचण मात्र दिल्लीच्या काश्मिरी गेटपासून मुंबईच्या कुर्ल्यापर्यंत कायम आहे. केंद्राने डिसेंबर २०२२ मध्ये सुरू केलेल्या ‘राइट टू रिपेअर’ पोर्टलमध्ये मोटारींचाही समावेश आहे. परंतु दुरुस्तीची माहिती खुली होणे आणि झीज वेळेत लक्षात येणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

मारुती ८०० चे उत्पादन जानेवारी २०१४ मध्ये थांबले. त्या वर्षी नोंदणी झालेल्या अखेरच्या खासगी मोटारींची योग्यतेसाठीची पहिली सक्तीची तपासणी २०२९ मध्ये होईल.