लाल रेषेच्या आतली घरे

पावसाने दोन दिवस जोर धरला की कल्याणच्या रेतीबंदरावरचे तबेलेवाले म्हशी सोडून गोविंदवाडी बायपासवर आणून बांधतात. खाडीला भरती कधी आणि उल्हास नदीला पाणी किती, हा हिशेब त्यांना पाठ असतो. इमारतींच्या नकाशांवर शिक्के मारणाऱ्यांना तो कधी पाठ असलेला दिसत नाही.

26 जुलै 2005 म्हटले की मुंबईतली मिठी नदी आणि सांताक्रूझचा 944 मिलिमीटर पाऊस आठवतो. त्याच दिवशी उल्हास आणि वालधुनी या नद्यांनी बदलापूर, उल्हासनगर, कल्याणात घरे बुडवली. मिठीसाठी महिन्याच्या आत प्राधिकरण झाले. उल्हासकाठच्यांच्या वाट्याला पंचनामे आले. 27 जुलै 2019 रोजी बदलापूर-वांगणीदरम्यान महालक्ष्मी एक्स्प्रेस पाण्यात अडकली, हजारभर प्रवाशांची सुटका बोटींनी करावी लागली, तेव्हा कुठे देशाला या नदीचे नाव कळले.

दर पुरानंतर बारवी धरणाकडे बोट दाखवले जाते. पण बारवी नदी उल्हासला मिळते ती बदलापूर ओलांडल्यावर. बदलापूर बुडते ते कर्जतच्या डोंगरांवर कोसळून काही तासांत खाली आलेल्या पाण्याने. पुढे कल्याणजवळ काळू आणि भातसा नद्यांचे पाणी त्यात भर घालते आणि नेमकी भरती असली की खाडी ते पोटात घेत नाही. मग नदी पसरते. तिने किती पसरायचे ते कागदावर आखलेले आहे: 25 वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची निळी रेषा, 100 वर्षांतून एकदा येणाऱ्याची लाल. भराव पडले ते याच पट्ट्यात. तिथले फ्लॅट ‘रिव्हर व्ह्यू’ म्हणून विकले गेले, आणि जाहिरातीतले तेवढे वचन नदीने पाळले.

आता मागणी होते ती संरक्षक भिंतीची. एका काठाला भिंत घातली की पाणी समोरच्या काठावर किंवा खालच्या गावात शिरते. कर्जत, बदलापूर, उल्हासनगर, कल्याण-डोंबिवली, भिवंडी, ठाणे यांनी आपापल्या हद्दीपुरते नाले साफ करून हे भागणार नाही. संपूर्ण खोऱ्याची एकच पूररेषा आखून ती सातबाऱ्यावर आणि घराच्या खरेदीखतावर नोंदवावी. निळ्या रेषेतले भराव टाकणाऱ्याच्या खर्चाने काढावेत. आयुष्याची पुंजी घालून तिथे घर घेतलेल्यांना मात्र बेघर करता येणार नाही. त्यांना पर्यायी घरे द्यावीत आणि त्याचा खर्च परवानग्या देणारे व घेणारे या दोघांकडून वसूल करावा.