सर्किट काढू नका, लिहा

या अंकापासून लेखासोबतच्या सर्किट आकृत्या आम्हाला चित्र म्हणून नकोत, लेटेकच्या मूळ फाइलमध्ये हव्यात. वहीत काढून मोबाइलवर टिपलेली आकृती छपाईत फिस्कटते, आणि ४७ किलोओहमचे ४.७ करायचे झाले तर सगळे पुन्हा पहिल्यापासून. काही लेखक कुरकुरतील. चार रेझिस्टरसाठी कोण एकेका टोकाचे माप संगणकाला सांगत बसणार?

तसे बसावे लागत नाही. टिल टांटाऊ यांच्या टिक्झ या रेखाटनाच्या पॅकेजवर बेतलेले, मासिमो रेदाएली यांनी सुरू केलेले सर्किटिक्झ हे पॅकेज त्यासाठीच आहे. दोन बिंदू सांगून मध्ये रेझिस्टर हवा असे लिहिले की तो मधोमध बसतो. नाव, किंमत, प्रवाहाचा बाण त्याच ओळीत लिहिता येतो. ऑप-अँपला एकदा नाव दिले की त्याची अधिक, उणे आणि आउटपुट ही टोके नावानेच पकडता येतात. मग ऑप-अँप दोन सेंटिमीटर सरकवला तरी त्याला जोडलेल्या तारा त्याच्या मागे जातात. आमच्याकडे येणाऱ्या बऱ्याच फाइलींत मात्र प्रत्येक टोक आकड्यांनीच बांधलेले असते, आणि एक भाग हलवला की सारा सांगाडा विस्कटतो.

पण या नेटकेपणावर भिस्त ठेवू नये. लेटेकला सर्किट कळत नाही, रेघा कळतात. इन्व्हर्टिंग अँप्लिफायरमध्ये इनपुटचा आणि फीडबॅकचा रेझिस्टर उणे टोकावर येतात, अधिक टोक ग्राउंडला जाते. लिहिताना या दोन टोकांची नावे उलटसुलट झाली तर एरर येत नाही. देखणी आकृती तयार होते, फक्त ती श्मिट ट्रिगरची असते. फळ्यावर अशी चूक झाली तर मागच्या बाकावरून कोणीतरी विचारते. छापील आकृतीला सहसा कोणी विचारत नाही.

व्होल्टेजच्या दिशेचा घोळ याहून छुपा. अमेरिकन शैलीत अधिक-उणे खुणा येतात, युरोपियन शैलीत बाण. बाणाचे टोक चढत्या विभवाकडे की विद्युतक्षेत्राच्या दिशेने, यावर पॅकेजमध्ये वेगवेगळे पर्याय आहेत, आणि जुन्या पद्धतीत बॅटरीवरच्या खुणा मुळातच चुकत, हे त्याच्या पुस्तिकेतच नोंदवले आहे. पर्याय निवडला नाही तर पॅकेज इशारा देते. लॉग फाइलमधला तो इशारा वाचायचे कष्ट कोण घेतो, हा प्रश्नच आहे! म्हणून फाइलच्या सुरुवातीलाच पर्याय लिहा. नागमोडी रेझिस्टर की चौकोनी, यात आमचा आग्रह नाही. आपल्याकडे नागमोडीच सवयीचा. मात्र एका लेखात दोन्ही नकोत.

चार तारा एका बिंदूत जोडू नका. ठिपका छपाईत पुसट झाला की जोड आणि नुसती ओलांडणी यांत फरक उरत नाही. एक तार थोडी बाजूला सरकवून तीन-तीन तारांचे दोन जोड करा.

फाइल पाठवताना सर्किटिक्झची आवृत्तीही कळवा. आवृत्ती बदलली की आकृतीचे रूप थोडे बदलू शकते. पॅकेजसोबत काही जुन्या आवृत्त्या येतात. तुमची त्यांत असली तर तुमच्या पडद्यावर दिसते तीच आकृती आम्हाला छापता येईल.