मारधाडीचा मास्टर आणि हिशेबाची वही

मारधाडीचा सिनेमा म्हटले की आपल्या पोरांना चिनी कुंगफू आठवतो. हाँगकाँगचे दिग्दर्शक चांग चेह यांनी १९६७ साली एका हाताने तलवार चालविणारा नायक पडद्यावर आणला आणि मोठे नाव कमावले. पण त्यांच्या कितीतरी आधी मारधाडीचे चित्रपट काढणारा एक मास्टर आपल्या विदर्भात जन्मला होता, हे चामोर्शीतल्या किती जणांना ठाऊक आहे?

ते म्हणजे भगवान आबाजी पालव, आपले भगवानदादा. जन्म १९१३ चा, अमरावतीचा. वडील गिरणी कामगार. मुंबईच्या कामगार वस्तीत वाढलेल्या या मुलाला कुस्तीचा आणि सिनेमाचा नाद. मूकपटात बारीकसारीक कामे करीत तो धंदा शिकला. १९३८ साली चंद्रराव कदम यांच्यासोबत 'बहादुर किसान' दिग्दर्शित केला. पुढची दहा वर्षे कमी खर्चाचे स्टंटपट एकामागून एक काढले. दिवसभर राबलेला कामगार चार आण्याचे तिकीट काढून ते बघायला जाई. शहाणे लोक नाके मुरडत. पण कामगारांच्या त्याच पैशांवर चेंबूरला त्यांचा जागृती स्टुडिओ उभा राहिला.

१९५१ साली 'अलबेला' आला. दिग्दर्शक आणि नायक स्वतः भगवानदादा, नायिका गीता बाली, संगीत सी. रामचंद्रांचे. चित्रपट तुफान चालला. जुहूला बंगला झाला, दारात मोटारी आल्या. नंतरच्या चित्रपटांना मात्र तसे यश आले नाही. तरी दादांनी 'हंसते रहना' काढायला घेतला, त्यात आयुष्याची पुंजी ओतली, आणि तो चित्रपट पूर्णच झाला नाही. बंगला गेला, मोटारी गेल्या. लहानसहान भूमिकांवर पोट भरीत ते दादरच्या चाळीत राहिले आणि ४ फेब्रुवारी २००२ रोजी तिथेच वारले.

वाचकहो, लोक याला नशीब म्हणतात. आम्ही कारकुनी करणारी माणसे, आम्हाला यात हिशेब दिसतो. स्वस्तात चित्रपट काढण्यात दादांचा हात धरणारा नव्हता. तोटा व्यवसायात झाला, पण भरपाई घरातून झाली. धंद्याची वही आणि घराची वही एक झाली की असेच होते.

हे आज सांगण्याचे कारण आपल्या दाराशीच आहे. दिवाळी झाली की झाडीपट्टीत नाटकांचा हंगाम लागतो. गावोगावची मंडळे वडशाच्या कंपन्यांशी करार करतात, मंडप घालतात. त्या रात्री पाऊस आला किंवा तिकिटे खपली नाहीत, तर मंडळातल्या पोरांनी रक्कम आणायची कुठून? कुणाचा बैल विकला जातो, कुणाच्या आईचे डोरले गहाण पडते. नाटक जरूर करा, ती आपली शान आहे. पण खर्चाची वही वेगळी ठेवा, मागच्या वर्षीचे काही शिल्लक टाका आणि घरादाराला हात लावू नका.

आणि ज्या म्हाताऱ्या नटाने आपल्याला रात्र रात्र हसविले, तो आज कोणत्या झोपडीत आहे, याचीही एकदा विचारपूस करा.