पदकाचं श्रेय टोमण्यांना कशाला?

आमच्या जळगावात खेळाडू मुलीचा सत्कार असला की एक वाक्य हमखास ऐकू येतं. लोकांनी हिला हिणवलं, पण हिनं सगळ्यांची तोंडं बंद केली. टाळ्या पडतात. मग पाहुणे आणखी एक पायरी चढतात आणि म्हणतात, त्या हिणवण्यानंच हिला घडवलं. मैत्रिणींनो, पहिल्या वाक्याबद्दल माझी तक्रार नाही. दुसरं मात्र मला फार खटकतं. समाजकार्याचं शिक्षण घेऊन मी शाळाशाळांतून मुलींबरोबर काम करते. तिथं मला भेटतात त्या बहुतेक जणी टोमण्यांनी घडलेल्या नसतात, टोमण्यांमुळे मैदान सोडून गेलेल्या असतात.

सप्टेंबर २०२४ मध्ये पॅरिसच्या पॅरालिम्पिकमध्ये दीप्ती जीवनजीनं ४०० मीटर धावण्यात कांस्यपदक मिळवलं, तेव्हा हीच गोष्ट सगळीकडे सांगितली गेली. दीप्ती तेलंगणातल्या वरंगळकडच्या कल्लेडा गावच्या शेतमजुरांची मुलगी. जन्मतः ओठ दुभंगलेला, त्यात बौद्धिक अपंगत्व. गावानं तिला ‘वेडी’ म्हटलं, ‘माकड’ म्हटलं. पोरीला अनाथाश्रमात टाका, असा सल्ला आईबापांना दिला. याच मुलीनं मे २०२४ मध्ये जपानमध्ये कोबे इथं आपल्या गटात ५५.०७ सेकंदांचा जागतिक विक्रम केला.

गोष्ट खरी आहे, पण तिचा अर्थ कोणता लावायचा? मुलगी रडत घरी आली की आई तिच्यासाठी गोड भात करायची, नाहीतर कोंबडी करायची. शाळेतल्या क्रीडाशिक्षकांनी तिचं धावणं हेरलं. प्रशिक्षक नागपुरी रमेश यांनी तिला हैदराबादला आणायला सांगितलं, तेव्हा आईबापांकडे बसच्या भाड्याचेही पैसे नव्हते. पुढे पुल्लेला गोपीचंद यांनी सुचवल्यावरून सिकंदराबादला तिची तपासणी झाली आणि पॅरा-स्पर्धांची वाट मोकळी झाली. आईच्या हातचा भात, शिक्षकाची नजर, तपासणीचा कागद आणि मग वर्षानुवर्षांचा सराव. यात ‘माकड’ म्हणणाऱ्यांचा वाटा किती? जिला असे शिक्षक भेटले नाहीत, तिला कोण काय म्हणालं हे आपल्याला कधी कळणारही नाही.

आपल्या नागपूरच्या दिव्या देशमुखचंच बघा. जानेवारी २०२४ मध्ये, अठरा वर्षांची असताना, नेदरलँड्समधल्या एका स्पर्धेनंतर तिनं जाहीरपणे लिहिलं की प्रेक्षक तिच्या खेळावर बोलायचं सोडून कपडे, केस आणि बोलण्याची ढब यांवरच बोलतात. जुलै २०२५ मध्ये तिनं बुद्धिबळाचा महिला विश्वचषक जिंकला. तो काय त्या प्रेक्षकांच्या कृपेनं?

आता आमच्याकडची एक मुलगी सांगते. गाव केळीपट्ट्यातलं, नाव सांगत नाही. अंगानं थोराड, कबड्डीत चढाईला जायची. मुलं ‘म्हैस’ म्हणायची, ते तिनं दोन वर्षं झेललं. आठवीत ती वयात आली आणि पळताना तिच्या छातीकडे बघून कठड्यावरची पोरं आवाज काढू लागली. तिनं वर्गातल्या बाईंना सांगितलं. बाई म्हणाल्या, लक्ष देऊ नकोस, ओढणी नीट घेत जा. ओढणी सांभाळत चढाई कशी करायची, ते बाईंनी सांगितलं नाही! घरी कळल्यावर आईनं खेळच बंद केला. त्या आईला मी बोल लावणार नाही. १९९४ मध्ये जळगावचं वासनाकांड उघडकीला आलं, तेव्हा ‘जळगावची मुलगी’ एवढ्यावरून स्थळं नाकारली जात होती. ते दिवस पाहिलेल्या तरुण मुली आज आया आणि आज्या आहेत. आपल्या लेकीचं नाव कुणाच्या तोंडी येऊ नये, ही भीती त्यांच्या हाडात मुरलेली आहे.

चिडवणं मुलांच्याही वाट्याला येतं. जाड्याला, तोतऱ्याला, सातपुड्यातून आलेल्या पावरा मुलाला त्याच्या बोलीवरून. पण मुलगा रडला तर बाप त्याला पुन्हा मैदानावर धाडतो, मुलगी रडली तर तिला घरात घेतात. माझ्या मते सगळा फरक इथंच पडतो.

ती मुलगी आज एकोणीस वर्षांची आहे आणि जळगावात खोली घेऊन पोलीस भरतीची तयारी करते. पहाटे मेहरूण तलावाच्या रस्त्यावर अशा कितीतरी पोरी पळताना दिसतात. ८०० मीटर, १०० मीटर आणि गोळाफेक मिळून मैदानी परीक्षेला ५० गुण. हिनं मधली पाच वर्षं पळणं सोडलं होतं आणि गोळा तर कधी हातातच घेतला नव्हता. सरकारी नोकरीत खेळाडूंना ५ टक्के आरक्षण आहे, पण त्याला वरच्या पातळीवरच्या खेळाचं प्रमाणपत्र लागतं. आठवीत खेळ सुटलेलीनं ते आणायचं कुठून? शेतमजुराच्या घरात खेळातलं यश म्हणजे पदक नसतं, महिन्याचा पगार असतो. कठड्यावरच्या पोरांनी तिची ती वाट अडवली.

चिडवण्यानं माणूस कणखर होतं, हे निदान जळगावनं तरी म्हणू नये. आमच्या डॉ. पायल तडवीनं २२ मे २०१९ रोजी मुंबईत आत्महत्या केली. जातीवरून छळ केल्याच्या आरोपावरून तिघी वरिष्ठ डॉक्टरांवर खटला भरला गेला. तडवी भिल्ल समाजातून एमडीच्या अभ्यासक्रमापर्यंत पोहोचलेली ती मुलगी कच्ची होती, असं कोण म्हणेल?

महाराष्ट्रात १९९९ पासून रॅगिंगविरोधी कायदा आहे. त्याच्या व्याख्येत चिडवणं, शिवीगाळ, धमकावणं हे सगळं येतं. तक्रार आली की संस्थेच्या प्रमुखानं सात दिवसांत चौकशी करायची असते. तिकडे दुर्लक्ष केलं तर गुन्ह्याला मदत केल्याचा ठपका खुद्द प्रमुखावर येतो. बारा वर्षांच्या पोराला चौकीत न्यावं असं माझं म्हणणं नाही. त्यानं काही साधणार नाही. पण मुलीची तक्रार कागदावर यावी आणि सात दिवसांत तिला उत्तर मिळावं. ओढणीऐवजी कठड्यावरची पोरं हलवावीत. खेळाच्या तासाला एका शिक्षिकेनं त्या कठड्यापाशी उभं राहावं. याला पैसे लागत नाहीत.

गेल्या महिन्यात एका मुख्याध्यापकांशी हेच बोलले. “ताई, पोरांचं एवढं मनावर घ्यायचं नसतं,” ते म्हणाले. मी विचारलं, “सर, तुमच्या १४ वर्षांखालच्या मुलींच्या कबड्डी संघात ज्या होत्या, त्यातल्या १७ वर्षांखालच्या संघात किती उरल्या?” त्यांना सांगता येईना. मग त्यांनी शिपायाला हाक मारून मागच्या पाच वर्षांची क्रीडा-रजिस्टरं काढायला सांगितली. पुढच्या सोमवारी आम्ही दोघं ती घेऊन बसणार आहोत.