कासला फुलं बघितली, पण डोक्यात गुरं राहिली

परवा बुधवारी कास पठारावर जाऊन आलो. मी सातारा जिल्ह्यातलाच, खटावकडचा, पण पन्नाशी उलटली तरी कधी गेलो नव्हतो. आमच्याकडं माळ काय कमी आहेत, म्हणून टाळत आलो. यंदा पोरानं मोबाईलवर तिकिटं काढली आणि आम्ही दोघं, सूनबाई, नातू असे निघालो. कांद्याची भांगलण दोन दिवस लांबली, असू द्या.

साताऱ्यातून यवतेश्वरच्या घाटानं वर 25 किलोमीटर. रस्त्यानं हॉटेलं, रिसॉर्ट, तंबू, चुलीवरच्या मटणाच्या पाट्या. पठारावर आखलेल्या वाटेनं ओळीत चालायचं. एक बाई फोटोसाठी तेरड्याच्या ताटव्यात जाऊन बसली. राखणीच्या पोरानं शिट्टी मारली तर तिचा नवरा म्हणतो, "पैसे भरलेत आम्ही." पोरगं बिचारं गप्प.

मी मात्र फुलांपेक्षा माती बघत होतो, सवयच ती. खाली सगळा जांभा, वर चार बोटं माती, कुठं तेवढीपण नाही. आपण अशी जमीन बघितली की पोटखराबा म्हणून मोकळे होतो. त्याच पोटखराब्यावर साडेआठशेच्या आसपास जातींची फुलझाडं नोंदलीत, आणि 2012 साली पश्चिम घाटाबरोबर कासचं नाव जागतिक वारशाच्या यादीत गेलं.

गंमत अशी की ही फुलं तिथं जमीन हलकी आहे म्हणूनच टिकलीत. निळी सीतेची आसवं बघितली. दिसायला एवढीशी नाजूक, पण जमिनीखालच्या तंतूंना बारीक फुगे असतात, त्यात ती किडे पकडते. दवबिंदूच्या पानावर चिकट थेंब, तोही किडेखाऊ. मातीत नत्र नाही, मग किड्यातनं घ्यायचं. ज्याला पर्यटक मिकी माऊस म्हणतात ते पिवळं फूल आपल्या शेंगवर्गीय कुळातलं. उद्या तिथं कुणी चार पोती खत विस्कटलं तर गवत माजेल आणि ही बारकी झाडं त्याखाली दडपतील. आपल्या बांधावर दुसरं काय होतं?

आता मुद्द्याचं बोलतो. मध्यंतरी या पठाराला लोखंडी जाळी मारली होती आणि चराई बंद केली होती. गर्दी आवरायला जाळी, हे एकवेळ समजतं. पण गुरांनी काय केलं होतं? पिढ्यान्‌पिढ्या आसपासच्या गावांच्या गाई-म्हशी तिथं चरत होत्या आणि फुलंही येत होती. पुढं फुलं कमी दिसायला लागली, गवत वाढलं, अशी ओरड गावकऱ्यांनी केली, काही अभ्यासकांनीही तेच सांगितलं, आणि शेवटी जाळी काढावी लागली. माझं मत विचाराल तर जनावराचं चरणं म्हणजे पठाराची भांगलण. कुणी म्हणेल, शेण पडतं त्याचं काय? पण गुरं सांजेला घरी जातात, बरंचसं शेण गोठ्यात पडतं. गवत वरनं उचललं जातं आणि जमीन हलकीच राहते. हे कुठल्या पुस्तकातलं नाही, माझा हिशेब आहे. कृषीवाल्यांनी चुकत असेल तर सांगावं.

उगाच गुरांची बाजू घेतो असं नाही. आमच्या गायरानात शेळ्या-मेंढ्या वाढत गेल्या आणि आता नुसता मुरूम उरलाय. किती जनावरं आणि कुठल्या महिन्यात, हे ठरलं पाहिजे.

तिकिटालाही माझी हरकत नाही. गावांच्या वन समित्यांतनं पोरांना राखणीचं, वाट दाखवायचं काम मिळतं, तेवढ्यांचं मुंबईला जायचं वाचतं. दिवसाला 3000 माणसांची मर्यादा ठरवली होती, ती सुट्टीच्या दिवशीही कडक पाळावी. आणि वाटेवरच्या हॉटेलांचं सांडपाणी कुठं जातं ते आधी बघा. पुढं कास तलाव आहे, सातारा शहर त्याचं पाणी पितं. म्हशीनं फूल तुडवलं तर नियम निघतो आणि हजारो बुटांनी तुडवलं तर ते पर्यटन, हे काही पटत नाही.

येताना गाडीत पोरानं परत तोच विषय काढला. आमचा दोन एकर माळ आहे, मुरमाड. दिवाळीआधी पोकलेन लावायचा, तलावातला गाळ भरायचा आणि डाळिंब लावायचं, असं मीच उन्हाळ्यात कबूल केलं होतं. त्याचं चूक नाही, दोन एकर पडीक ठेवणं परवडत नाही. पण त्या माळावर भादव्यात पिवळी-निळी बारकी फुलं येतात, ज्यांची नावं मला आजपर्यंत माहीत नाहीत आणि कधी विचारलीही नाहीत. मी काही बोललो नाही.

पोकलेनवाल्याला दिवाळीनंतर ये म्हणून फोन केलाय. पोरगं दोन दिवस नीट बोलत नाही. रविवारी नातवाला घेऊन माळावर काय काय उगवलंय ते बघून येणार आहे, फोटो टाकतो, नावं सांगा. आणि कुणी आपल्या माळावर महिने ठरवून गुरं चारत असेल तर कसं जमवलं तेही लिहा.