हावु म्हणजे साप

शेजारची सूनबाई सोमवारी रडवेल्या चेहऱ्यानं आली. मुलगा 20 महिन्यांचा. 'अजून पाच शब्दसुद्धा बोलत नाही, घरात एकच भाषा ठेवा, कन्नड बंद करा,' असं तिला प्लेग्रुपात सांगितलं होतं. तिची आई विजापूरची, सध्या इथेच असते. त्या दिवसापासून ती बाई नातवाजवळ तोंड मिटून बसते. ते पाहून माझा संताप संताप झाला. 

पोराला घेऊन आम्ही पुण्यातल्या कात्रजच्या सर्पोद्यानात गेलो. काचेपलीकडे धामण सरकली. त्यानं बोट दाखवलं, वळून आईकडे पाहिलं, मग पुन्हा काचेकडे, आणि हात नागमोडी हलवत म्हणाला, "हावु!" कन्नडात हावु म्हणजे साप. प्लेग्रुपातल्या पुस्तकात साप पाहूनही तो हेच म्हणाला होता. तिथल्या बाईंना वाटलं, हाऊला घाबरला! तो शब्द मोजलाच गेला नाही.

दोन भाषांत वाढणाऱ्या मुलाचे शब्द दोन्हींतले मिळून मोजायचे असतात. दोन भाषांमुळे मूल मुकं राहत नाही. शब्द मोजण्याआधी बघायचं ते बोट. वर्षाच्या आसपास मूल वस्तू दाखवतं आणि आपण बघतोय ना, हे वळून पाहतं. हे होत नसेल, हाकेला ओ नसेल, तर आधी कान तपासून घ्यावेत, डॉक्टरांना दाखवावं. भाषेची ओळख तर बोटाच्याही आधी सुरू होते. 2009 साली संशोधक कॅथलीन वेर्मके आणि सहकाऱ्यांना नवजात फ्रेंच बाळांच्या रडण्याचा सूर चढता आणि जर्मन बाळांचा उतरता आढळला. आईची बोली बाळ पोटातच ऐकत असतं.

घरी येऊन मी वहीत मोजलं. नीरु, पाणी, बा, साकु, चिऊ, माऊ... सोळा झाले. भोरच्या, वडिलांकडच्या आजीनं घास पुढे केला की "नको", विजापूरच्या अज्जीनं केला की "बेडा". कुणाशी काय बोलायचं, हे त्याला पक्कं ठाऊक आहे. आजी आणि अज्जी मात्र एक धरायचे की दोन, तिथे माझी पेन्सिल थांबली. अण्णा, अक्का, अप्पा... किती नाती या दोन भाषांनी एकाच शब्दानं हाकारलीत!

संध्याकाळी पोरानं अज्जीचा पदर ओढला. हात नागमोडी हलवला. "हावु!"

तिनं आधी लेकीकडे पाहिलं. मग खाली वाकून विचारलं, "एल्लि?"

त्यानं दाराकडे बोट केलं.